तळं क्रमांक एकेचाळीस

बिशप गावात, बेकरीच्या मागच्या गल्लीत
आमची प्रयोगशाळा: दोन खोल्या, एक सिंक,
फ्रिजवर चिठ्ठी, ‘यात डबे ठेवू नयेत.’
मी इथे पाणी मोजते.
म्हणजे पाण्यातलं ते, जे पाणी नाही.

फॉर्मॅलिनमध्ये आम्ही साखर घालतो.
नाहीतर मरताना डॅफ्निया फुगतात,
पाठीतली अंडी सोडून देतात.
साखरेत मात्र लेकुरवाळ्याच राहतात.
मुरंब्यासारखी बरणी. वर तारीख, वर उंची:
दहा हजार नऊशे वीस फूट.

तळ्याला नाव नाही, नुसता आकडा, तोही पुसट.
जुलैपर्यंत बर्फ. मग जेमतेम तीन महिने
ग्रॅनाइटच्या वाडग्यात इतकं नितळ पाणी
की हात घालून तळाचा दगड उचलावासा वाटतो
आणि दगड असतो बारा मीटर खाली.
तिथल्या उन्हात फिकं राहून भागत नाही.
म्हणून इथले कोपेपॉड लाल होते,
पाट्यावर नुकत्या वाटलेल्या मिरचीसारखे.
उन्हाला हा रंग चालतो.
माशाला दिसतो.

ऑर्विल टेनान्ट, वय ब्याऐंशी, जन्म खेचरांच्या मागे गेलेला.
अकराव्या वर्षी बापाबरोबर
दुधाच्या कॅनांतून ट्राउटची पिल्लं घेऊन तो वर चढला,
ओढ्याओढ्याशी थांबून पाणी बदलत.
‘एकसुद्धा मेलं नाही वाटेत,’
हे तो अजून ताठ मानेनं सांगतो
आणि मग टोपीची कड चाचपत बसतो.
कारण गेल्या काही उन्हाळ्यांत जाळी लावून
त्या पिल्लांचे खापरपणतू आम्ही काढले,
शेवटच्या शेपटीपर्यंत.
जाळी वर नेली त्याच्याच खेचरांनी.
भाडं त्यानं चोख घेतलं.

गाळात अंडी होती.
माशांच्या आधीच्या कुठल्याशा सप्टेंबरात घातलेली,
खसखशीहून बारीक, सत्तर वर्षं
अंगावर गाळ ओढून.

पहिल्या वर्षी काही नाही.
दुसऱ्या वर्षी दोन नर.
मला हसू आलं, मग आलं नाही.
यांना हाक मारता येत नाही.
मादी पोहत गेली की मागे वासाची एक रेघ राहते,
काही सेकंद.
तेवढ्यात आडवा आला तर आला,
बारा एकरांत.

आणि या मंगळवारी, भिंगाखाली,
साखरेच्या पाण्यात, मिशा दोन्हीकडे पसरून,
ती.
पोटाशी अंड्यांची पिशवी. मी दोनदा मोजली: अकरा.
म्हणजे कुणीतरी तिला गाठलं होतं.
आणि मग मी गाठलं.

काउंटर एकदाच दाबला. टक्.
मग कागद ओढून हिशेब मांडला:
जाळ्यातून गेलं साडेआठशे लिटर,
तळ्यात एकोणतीस कोटी,
एक गुणिले अमुक, म्हणजे
तिच्यासारख्या वर साडेतीन लाख.
असं गणित म्हणतं. गणिताचं मन मोठं आहे.
मी आकडा पेन्सिलनं लिहिला, पेनानं नाही.

ऑर्विल बिल द्यायला आला होता.
म्हटलं, बघता?
एक डोळा मिटायला त्याला वेळ लागला,
चुकीचाच मिटला, मग दुसरा.
बराच वेळ वाकून राहिला.
‘किती आहेत?’
एक.
‘जिवंत?’
बेकरीच्या भट्टीचा पंखा सुरू झाला होता,
न ऐकल्यासारखं करता आलं असतं.
नाही, म्हटलं.

तो सरळ झाला. पाठ दुखली असावी.
बिल टेबलावर ठेवलं, बरणीपासून जरा लांब.
‘जूनच्या शेवटी वाट मोकळी होईल,’ म्हणाला,
‘दोन खेचरं पुरतील.’
दारापाशी वळला.
‘आणि जाळं लहान आणा.’