मानशीचं दार

सातवा आठवडा. पहाटेचे चार.
तुला जवळ घेते. तू तोंड लावतेस,
चार घोट, पाच,
आणि पाठ अशी ताणतेस
जशी मी तुला चटकाच दिला.
मुठी माझ्या छातीवर,
चेहरा पिकल्या रातांब्यासारखा,
आणि तो आवाज,
दुर्भाटच्या धक्क्यावरून पलीकडे रासईला ऐकू जाईल असा.

घरात सगळ्यांना कारण ठाऊक आहे.
सासूबाई म्हणतात, दूध कमी पडतंय, तिजान पी.
मी पिते. नाचणी आता माझ्या घामाला येते.
शेजारची कुंदाक्का म्हणते, दृष्ट.
मीठ-मिरच्या ओवाळते, आम्ही सगळे खोकतो.
सुलक्षावन्स वेर्ण्याहून फोन करतात:
डबा दे गं सरळ, माझी दोघं काय मेली?
तुझा बाप काही म्हणत नाही.
पंखा एकवर करतो, मग दोनवर,
मग पुन्हा एकवर.

मला वाटतं, तुला मी आवडत नाही.
हे कुणाला सांगायचं नसतं,
म्हणून तुला सांगते.

सोमवारी शिरोड्याला, केंद्रात,
सिल्विना नर्सने तुला काट्यावर ठेवलं
आणि काटा माझ्याकडे वळवला.
साडेचार किलो. म्हणे दूध कमी!
"फोर्स जास्त गो तुझा. पोर गुदमरतं त्यात.
मागे टेकून बस. पहिली धार पंचात सोड."
आणि पुढचा नंबर पुकारला.
मी मान हलवली.
बसमध्ये तू रडलीस, मी अर्धं विसरले.

दुपारी मामंजी सोप्यावर फोनवर ओरडत होते.
मामंजींनी तुला अजून उचललेलं नाही,
हात खरखरीत आहेत म्हणतात.
तीस वर्षं खाजनातली मानस त्यांच्याकडे,
भरती-ओहोटी त्यांना घड्याळाआधी कळते.
"अरे, दार एकदम उघडू नको!
एक फळी काढ. जोर जाऊ दे.
मग दुसरी.
नायतर बांध जाईल, आणि मासळीपण."

मी आत, ब्लाउज भिजलेला,
तशीच उभी राहिले.

त्या रात्री तीन उशा, भिंतीला पाठ.
तू रडत होतीस, तरी थांबवलं तुला,
हे सगळ्यात अवघड होतं.
पंचा धरायला उशीर झाला.
एक धार सरळ कॅलेंडरवर,
एकादशीच्या चौकोनावर.
अंधारात मी एकटीच हसले,
किती दिवसांनी, मोजलं नाही.

मग तुला अंगावर पालथी घेतली,
ओहोटीला चिखलात टेकते तशी होडी.
दुधाला आता चढावर यायचं होतं.
तू एक घोट घेतलास. थांबलीस.
एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलंस,
उधारी मागणाऱ्याकडे दुकानदार पाहतो तसं.
दुसरा घोट.
एकदा ठसकलीस, मी श्वास धरला,
तू सोडलं नाहीस.

खोटं कशाला सांगू,
सकाळी पुन्हा रडलीस. दुपारी पुन्हा.
पंचे वाळत नाहीत, सगळ्या खोलीला
आंबट वास आहे, तुझ्या मानेच्या घडीसारखा.
पण रडण्यात आता मला तुझा राग दिसत नाही,
पाणी दिसतं,
आणि पाण्याचं काहीतरी करता येतं.

आज पहाटे तू पीत होतीस.
मनगटाची घडी सैल, मूठ उघडलेली,
पाच बोटं माझ्या हाडावर नुसती ठेवलेली.
तेवढ्यात वाटेवर पोदेराचा भोंगा,
एकदा, दोनदा, आमच्या दारासमोर.
सासूबाई उठल्या, पैसे घेतले,
खोलीच्या दारात आल्या, तुझ्याकडे पाहिलं,
आणि कडी वाजेल म्हणून
उघडलीच नाही.

सायकल पुढे गेली.
मामंजी कोरा चहा प्यायले.
आज आमच्या घरी पाव नाहीत.