गाभण धरून किती

इब्रीच्या कोर्टात एसी इतका
की माझ्या बोटांचा फिनाईलचा वासही गारठून गप्प बसला.
समोर अकरा शेळ्यांचा कागद,
खाली माझी सही, जनावरांच्या दवाखान्याचा शिक्का.
मी डॉक्टर नाही. पण इथं सगळे डॉक्टरच म्हणतात,
आणि पंधरा वर्षांत
मीही दुरुस्त करायचं सोडलंय.

मुहन्ना उभा होता. बावीस वर्षांचा,
कडक इस्त्रीची दिशदाशा, गळ्याशी एक बटण तुटलेलं.
गाडीचे हप्ते तुंबले म्हणून
शेजारणीच्याच वाडग्याची कडी काढली त्यानं
रात्री दोनला, पिकअपचे दिवे विझवून.
कुत्रं भुंकलं नाही.
कुत्र्याला तो रांगता होता तेव्हापासून ठाऊक.
हेही त्याच्याविरुद्ध लिहून घेतलं गेलं.

झुवैना म्हातारी काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेली.
तिला आकडा विचारला, तिनं नावं सांगितली.
कारकुनाचा हात थांबला,
नावांना रकाना नव्हता.
मग म्हणाली, तुरुंग कशाला?
तिथं सावली, तिथं वेळेवर भात.
दोन वर्षं माझी जनावरं चारू दे त्याला,
खजुरांच्या बागांमधून, पाटाच्या कडेनं,
अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत.
न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले, आई,
याला पण रकाना नाही.

आणि मग माझ्याकडे वळून:
यातली एक गाभण होती म्हणता.
पोटात किती?

माझ्या तळहाताला माहीत होतं. चोरीच्या आधीच्या आठवड्यात
मीच चाचपली होती तिची कूस. दोन.
दोन म्हटलं की किंमत वर सरकते,
किंमत सरकली की महिने.

आमच्या माणदेशात दादांनी एकदा एडका नेला होता.
का नेला, ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.
गावकी बसली. एडका परत, वर एक जेवण,
त्याच पुनवेला दंड फिटला.
विषय संपला म्हणून सगळ्यांनी पान खाल्लं.
पण दुसऱ्या दिवसापासून
दादा ज्या खांडाजवळून जातील
तिथला मेंढका तोंडातल्या तोंडात मोजायला लागायचा,
लाभ, दोन, तीन, चार…
कुणी वाईट बोललं नाही. नुसतं मोजायचे.
आणि दादा उभे राहायचे, मान खाली,
हिशेब जुळेपर्यंत.
सव्वीस वर्षं.
तिरडी माळावरून चालली तेव्हासुद्धा
कोणीतरी सवयीनं
लाभ म्हणालं.

साहेब, मी म्हणालो,
आमच्यात पोटातलं मोजत नाहीत.
हे खोटं होतं. आमच्यात
पोटातलं आधी मोजतात.

आठ महिने मिळाले त्याला. कागदावर
सुटकेची तारीख होती, वार होता.
त्या वाराकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

ती शेळी पोलिसांच्या आवारातच व्याली,
जप्तीची चिठ्ठी गळ्यात तशीच.
मीच हात घालून सोडवली.
दोन नव्हती.
तीन होती.

हिवाळ्यात मी झुवैनाकडे लस टोचायला गेलो.
तीन करडं, एक लंगडं, माझी बॅग हुंगत होती.
एवढ्यात गल्लीतून मुहन्ना आला,
हातात पावाची पिशवी, वाळलेला,
कुणाकडेही न बघता.
म्हातारीनं वर पाहिलं नाही. ती फक्त
एकेका शेळीवर हात ठेवून
नावं घ्यायला लागली.
मोठ्यानं नाही. शांतपणे, ओवल्यासारखी.
त्याची पावलं मंदावली. ती चाल मला ओळखीची.

मी सुयांचा स्टीलचा डबा
मुद्दाम फरशीवर सोडला.
खणखणाट झाला, करडं उधळली,
ती नाव विसरली.

मग तिनं
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.
तो उभाच होता.