फिशी

नववी ब, धडा सहावा, तिसरी ओळ.
फळ्यावर लिहिलं : फिशी, विशेषण.
संशयास्पद. ज्यात काही लबाडी असावी असं वाटतं ते.
वाक्यात उपयोग करा.

कुणी हसलं नाही.
खिडकीतून सुकत्या बोंबलांचा वास आत येत होता
रोजच्यासारखा, परवानगी न घेता.
मागच्या बाकावरून दर्शिका चोगले उठली :
"पण सर, माशाने काय केलं?"

म्हटलं, असं बघ,
आपल्याकडे संशय आला की पाणी मुरतं,
त्यांच्याकडे मासा नासतो.
ज्याला जे हाताशी सापडलं
त्याच्यावर त्याने ढकललं.
उत्तर माझं मलाच आवडलं.
ती बसली नाही.
"म्हणजे ज्यांनी मासा शिळाच बघितला
त्यांनी हा शब्द केला."
घंटा झाली.

संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर लिलाव.
बैलगाड्यांची चाकं पाण्यात अर्धी,
आकडे ओरडून घसा बसलेला दलाल,
आणि बर्फाच्या चुऱ्यात उकिडवी बसलेली
द्वारका चोगले. दर्शिकाची आई.
तिने पाटीतून सुरमई उचलली,
अंगठ्याने कल्ला उघडला. आत जास्वंद.
पोटावर बोट दाबलं, खळगा लगेच भरून आला.
"डोला बघा मास्तर. मेल्यावर पन सरल बघतो.
शिला असता तं त्यानंच सांगितला असता."

मग तराजूच्या काट्याकडे बघत, हळूच :
"पोरीची हजेरी भरताव ना?
गेल्या म्हैन्यात धा दिस हितंच होती, कोलंबी सोलाला."

भरतो, म्हटलं.
शिष्यवृत्तीला पंचाहत्तर टक्के लागतात.
निळ्या शाईचे दहा ह,
माझ्याच वळणदार अक्षरात,
एकालाही वास नाही.

तिने वजनाबाहेरचा एक बांगडा वर टाकला.
मी नको म्हटलं नाही.

घरी हात लिंबाने धुतले, मग राखेने,
मग बायको म्हणाली, पुरे, साल निघेल.
रस्सा चांगला झाला होता.
दोनदा भात घेतला.

सकाळी हजेरी.
काटकर. हजर.
खोत. हजर.
चोगले, दर्शिका.
बाक रिकामा. वारा समुद्राकडून.
पेनाचं टोपण माझ्या दातात,
आणि चव्वेचाळीस जोड डोळे
सरळ,
ताजे,
माझ्या हाताकडे.