तसं नसतंय

"तसं नसतंय, सर."
तिसरा बाक, खिडकीकडचा.
माझं वाक्य अजून फळ्यावर पुरं व्हायचं असतं.

विटा, नववी ब, जेवणानंतरचा तास.
खिडक्या लावल्या तरी यंत्रमागांची खडखड आत येते
आणि आत प्रज्वल हजारे असतोच,
हजेरीला 'हजर' न म्हणता
"दिसतोय की" म्हणणारा.

सगळं करून झालंय.
उभा केला, तर उभ्यानं त्याचा आवाज लांब जातो.
बाहेर काढला, तर दारातून हरकती घेतो.
शंभरदा लिही म्हटलं, 'मी उलट बोलणार नाही',
त्यानं एकदा लिहिलं
आणि खाली: वरीलप्रमाणे, नव्याण्णव वेळा.
शाळेत मी हसलो नाही.
घरी, चहा गाळताना हसलो.

घोरपडे बाई म्हणाल्या, बापाला बोलवा.
बाप सेलमला, गलाईच्या दुकानात.
फोन लागला तेव्हा मागं भट्टी घोंगावत होती.
"हाणा की सर, तुमचंच पोरगं हाय."
हाणणं नियमात बसत नाही, माझ्या हातातही नाही,
पण ते 'तुमचंच'
फोन ठेवल्यावर ठेवता येईना.

आज फळ्यावर सोनं. द्रवणांक एक हजार चौसष्ट.
"तसं नसतंय, सर."
बैस खाली, शहाण्या, हे जिभेवर तयार होतं.
बोटांत खडू मोडला.
तोंडातून भलतंच निघालं:
"मग कसं असतंय?"

तो गप्प.
भांडायला आलेल्याला आधी पाणी विचारावं,
तसा गप्प.
मग, खिडकीकडं बघत,
"तांबं असलं की आधीच वितळतंय.
दागिना निराळा, चोख निराळं.
पप्पा रंगावरनं सांगत्यात, आकडा नसतोय त्यांच्याकडं."
"बघितलायस तू?"
"एकदा. सुट्टीत.
लई जवळ येऊ देत न्हाईत."
भट्टीच्या, की त्यांच्या,
ते मी विचारलं नाही.

आकड्याखाली लिहिलं: शुध्द असेल तर.
मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.
प्रज्वलनं फळा वाचला, पुन्हा वाचला.
माझी छाती उगाच थोडी फुगली असावी.

"सर."
"आता काय?"
"शुद्ध अशुद्ध लिहिलंय."

मी म्हणालो, बैस खाली.
तो बसला नाही.
डस्टर घेऊन
फळ्यापाशी आला.