खाते पाचवे

धरण एकच, पण संगणकात मी त्याची चार भांडी केली.
साखळीच्या नळांचं एक, डाव्या कालव्याचं एक,
होंड्याच्या कारखान्यांचं एक,
आणि तळाशी मृतसाठा, ज्यावर कुणाचीच सही नाही.

नियम साधे होते.
येईल ते वाट्यानं वाटायचं,
उन्हानं नेलं तेही वाट्यानंच सोसायचं,
ज्याचं भांडं काठोकाठ, त्याचं उतू गेलेलं
शेजारच्या भांड्यात.
पाण्याला यातलं काही कळवलेलं नव्हतं.
ते आपलं एका पातळीत
वाघेरीचा डोंगर उलटा धरून बसलेलं.

फेब्रुवारीपर्यंत सगळं जुळलं.
मग रोज रात्री थोडं कमी पडू लागलं,
एखादी विहीर कुणी खिशात घालून न्यावी तेवढंच.
मी बाष्पीभवनाचा गुणक बदलला,
भिंतीची झिरप पुन्हा मोजली,
मोजपट्टी घासून घेतली, शेवाळाखालचे आकडे परत वाचले.
फरक हटेना.
रविवारी मात्र नसायचा.

झिरपेला रविवार कुठून कळणार?

गुरुवारी रात्री केरीला थांबले.
साडेदहाला सगुण माजीक, मोबाइलची बॅटरी दातांत धरून,
झडपेच्या खोलीत उतरला,
चाकाला अर्धा आटा दिला
आणि बिडी पेटवत वर आला.
मला बघून दचकला नाही.
"खाला व्हाळ आसा, बाये," म्हणाला,
"धरण बांदतना ताका कोणें विचारूंक ना."
अर्धा आटा, पहाटेपर्यंत. तेवीस वर्षं.
त्याच्या आधीचा माणूस पाऊण द्यायचा.

सकाळी व्हाळाच्या काठानं चालत गेले.
तेरा घरं. अळसांद्यांचे वेल, तांबडी भाजी,
दगडावर साबणाचा झिजलेला तुकडा, त्यावर मुंग्या.
सोमवारी सकाळी इथं कुणी धुणं काढत नाही.
का, ते कुणी कुणाला विचारलेलं नाही.

ऑफिसात परतून मी न्याय केला.
पाचवं खातं उघडलं. नाव: व्हाळ.
वाटा: अर्ध्या टक्क्याहून कमी.
प्राधान्य: शेवटचं, कारण रांगेत शेवटी आला.
हिशेब जुळला.
रकान्याच्या तळाशी शून्य, इतकं देखणं
की मी त्याची प्रत काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

पुढचं वर्ष तुटीचं निघालं.
मॉडेल मीच चालवलं. कपात खालून वर.
नळांना नऊ टक्के, कालव्याला चाळीस,
कारखान्यांनी करारावर बोट ठेवलं.
व्हाळ: शंभर.
आदेशावर सही माझी.
झडपेला सील लागलं, तेव्हा सगुण लाखेवर
अंगठा फिरवत राहिला, गरम आहे का बघावं तसा.
"कागदार हाडलें गो तुवें ताका," एवढंच.
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हिशेबातली चूक होतं, तोवर ते पाणी
कुणाला कापता येत नव्हतं.
मी त्याला हक्क दिला,
हक्काला लगेच कपात लागली.

आता रात्री साडेदहाला घरी बसून नोंद उघडते.
सोमवार, फरक शून्य.
मंगळवार, शून्य.
बुधवार.
सातही वार रविवार झालेत.