व्हॉल्व्हमन

एकतीस वर्षं मी उदगीरला पाणी सोडलं.
रात्री अडीचला उठायचं, खांद्यावर लोखंडी चावी,
जवळजवळ माझ्याएवढीच,
खड्ड्यात उतरायचं आणि
चावीचं एक टोक पायपाला, दुसरं कानाला.
पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं.
आधी नुसता वारा, मग खोकला,
मग लांब कुणाच्या तरी घरी
जातं दळायलेत, असं.

आता मला दिवसाला सातशे मिली.
गोळ्या त्यातच, चहा त्यातच, वरणसुद्धा त्यातच.
कौशल्यानं स्टीलच्या तांब्यात
नेलपॉलिशची रेघ मारून ठेवलीय.
म्हणलं, मीटरच बसवलंस की.
तेव्हा हसली नाही.
दुपारी भांडी घासताना एकटीच हसली.

पोळ्याला मात्र रेघ विसरलो. मुद्दाम विसरलो.
दोन तांबे, उभ्यानं, घटाघटा.
रात्रभर तीन उशांना टेकून
माशासारखं तोंड उघडं.
ती वारा घालत राहिली, बोलली काहीच नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, गुरुवार. सहाची एसटी, लातूर, पलंग चार.
एका माणसाला एकदा धुवायला
सव्वाशे लिटर लागतं, टेक्निशियन शहाजी म्हणाला.
आमच्या खालच्या गल्लीत तेवढ्यात
एक घर दोन दिवस काढतं.
सहा महिने त्या हिशोबानं झोप नाही:
न पिता मी लोकांचं पाणी संपवायलोय.
पलंग पाचवरून मैनोद्दीन मामू म्हणाले,
जन्मभर वाटलास ना रे भुजंगा,
आता थकबाकी समज.
त्या रात्री घोरलो म्हणे.

मामू शेरवान्या शिवायचे.
सुई टोचली की डोळे मिटायचे
आणि मनातल्या मनात कापड बेतायचे,
कॉलर, बाह्या, अस्तर.
शेवटच्या काजाला आले
की मशीन पिपाणी वाजवायची.
तीन वर्षांत एकही अर्धी राहिली नाही.

एका गुरुवारी पाचवर नवी चादर.
शहाजी दुसरीकडे बघत टेप फाडत होता.
आम्ही विचारलं नाही. इथं विचारत नाहीत.
मी डोळे मिटले. मला शिवणं येत नाही.
मग चावी घेतली, दर्ग्यामागून सुरू केलं,
एकेक गल्ली सोडत बँक कॉलनीपर्यंत आलो
तर साडेतीन तास गेलेले.

आता पाचवर निकिता आहे. बीएस्सीचं दुसरं वर्ष.
रडून झाल्यावर विचारते, काका, हे कधी संपतं?
बाया रात्री फोन करायच्या, पाणी कवा येतंय?
मी दर वेळी खोटं सांगायचो,
सुटलंय, यायलंय, धीर धरा.
हिला नाही सांगवलं.
म्हणलं, संपत नाही बाई. पण घड्याळ बघू नको.
तुझं गाव कोणतं? टाकी कुठंय?
ती म्हणाली, शाळेच्या मागं. गळती आहे.
म्हणलं, मग आधी ती बघू.

अजून अडीचला जाग येते.
डावा हात कानाशी नेतो,
मनगटाच्या वर, जिथं डॉक्टरनं शीर जोडलीय तिथं.
आत जातं दळायलेत.
कौशल्या झोपेतच विचारते, आलं का?
आलंय.
घागरी लावू?
झोप गं, म्हणलं,
झोप.