विणारी, विणणारी

दुपारी थर्मामीटर लावला. छत्तीस पूर्णांक नऊ.
डॉक्टर एवारिश्तोंनी सांगून ठेवलं होतं,
सदतीसच्या खाली उतरलं की चोवीस तासांत.
मी बाहेर जाऊन समुद्र पाहिला.
तो उतरत नव्हता, चढत होता.
धक्क्यावर फेरीबोट दुहेरी दोरांनी बांधलेली,
आणि पलीकडचं पीको बेट, डॉक्टरांसकट,
ढगात गेलेलं.

फाइश्का माझ्या जुन्या कोटाशी भांडत होती.
अस्तर ओरबाडलं, खिसा फाडला,
गोल फिरली, बसली, उठली, परत फिरली.
चीज पिकवायच्या फळ्या मी तिच्याभोवती उभ्या केल्या,
तळाला वर्तमानपत्रं,
निधनवार्तांचं पान मुद्दाम सगळ्यात खाली.

मी गवळी. चाळीस वर्षं अडलेल्या गाई सोडवल्या.
खुरांना दोरी, भिंतीला पाय, एक शिवी,
आणि धप्पकन अख्खं वासरू गवतावर.
हे हात त्या कामाचे.

पहिलं दहा वाजून पाच मिनिटांनी, ओल्या मोज्यासारखं.
तिनंच पिशवी फाडली, नाळ कुरतडली, वार गिळली.
मी वहीत रेघा मारल्या, पिल्लाची एक, वारेची एक.
दुसरं शेपटीकडून आलं. तरी आलं.

मग काहीच नाही.
वेणा येत होत्या, ती ताणत होती,
पाऊण तास, आणि काहीच नाही.
फोनवर डॉक्टर म्हणाले, बोटाला काय लागतंय?
मी म्हणालो, बोटच जात नाही.
मग विचारलं, घरात लहान हाताचं कुणी?
घरात मी. आणि रेडिओ.

झुल्मिराचं दार मी दोन वर्षं वाजवलं नव्हतं.
माझ्या गाईनं तिचं हायड्रेंजियाचं कुंपण तुडवलं,
मग मोजणीदार, मग वकील, मग चर्चमध्येसुद्धा
ती डावीकडच्या बाकांवर, मी उजवीकडच्या.
रात्री एक वाजता तिच्या मागाचा आवाज येत होता.
खट, खट. लग्नाची चादर कुणाची तरी.
मी म्हणालो, कुत्री अडलीय.
तिनं धोटा खाली ठेवला. शाल घेतली. बोलली नाही.

जमिनीवर दोघी. एक विणारी, एक विणणारी.
नखं कापली तिनं आधी, अगदी मुळापासून,
कोपरापर्यंत साबण, मग बोटांना ऑलिव्हचं तेल.
दोन बोटं. डोळे मिटलेले,
जशी ती सुताची गाठ न बघता शोधते.
"डोकं वाकडं बसलंय," म्हणाली. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.
मग "आत्ता नाही."
"आत्ता नाही."
फाइश्काची पाठ कमानीसारखी वळली.
"आत्ता."
ओढलं तेही जमिनीकडे, हळू, वेणेच्या मागोमाग,
मी जन्मभर जसं ओढलं तसं नव्हेच.

जाडजूड, निळसर, मुकं.
ते तिनं माझ्याकडे फेकल्यासारखं दिलं. "हे तुझं काम."
तोंड पुसलं, मान खाली, टॉवेलनं चोळलं,
गाईला खरारा करतो तितकं जोरात.
चोळलं. चोळलं. रेडिओवर हवामान संपलं.
मग दाराच्या बिजागरीसारखा एक आवाज.

चौथं मात्र सहज आलं, काही त्रास न देता,
आणि श्वासच घेतला नाही.
आम्ही दोघांनी आळीपाळीनं पाहिलं.
फाइश्का त्याला चाटत राहिली, मग थांबली.
पाचवं पहाटे. लालसर, भुकेलं, शिवराळ.

चीजच्या काट्यावर वजनं घेतली,
सगळ्यात जड ते अडून बसलेलंच, चारशे ऐंशी.
झुल्मिरानं कॉफी घेतली, उभ्यानंच.
म्हणाली, "कुंपण एक हात माझ्याच बाजूला होतं."
मी म्हणालो, "साखर?"

चौथं तिनं चादरीच्या उरलेल्या तुकड्यात बांधलं.
मी कुदळ घेतली. झाडांच्या रांगेपाशी माती मऊ होती,
ती नेमकी कुणाच्या हद्दीत
हे अंधारात दिसत नव्हतं,
आणि मोजणीदार अजून झोपलेला होता.